पेन्सिल कानामागे

विनय हा गुण आमच्या पेन्सिल सरांच्या अंगी औषधालाही नव्हता. शाळेत कोणी पाहुणे आले, की आमच्या मुख्याध्यापिका हात जोडून म्हणत, "आमची आपली छोटीशी शाळा आहे, जमेल तसं करतो." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर मागून पुढे आलेले असत. "छोटीशी कायची? अशी शाळा नागपुरात दुसरी दाखवा मले." मग पाहुण्यांचा दंड धरून ते त्यांना थेट आपल्या सुतारकामाच्या खोलीत नेत. तिथे पोरांनी केलेले पाट, चौरंग, माठ ठेवायच्या घडवंच्या, लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओळीनं मांडलेले असत. एकेक वस्तू पाहुण्यांच्या हातात देऊन सर ती करणाऱ्या मुलाचं नाव सांगत आणि पुढे ठरलेलं वाक्य टाकत, "असा पोट्टा नागपुरात दुसरा दाखवा मले." पोट्टा बदलायचा, वाक्य तेच राहायचं. एकाच वर्गात दहा-बारा मुलं एकमेवाद्वितीय कशी असू शकतात, हे गणित शिकवणाऱ्या मला कधी सुटलं नाही.

आमची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. मी गणित शिकवते, सर सुतारकाम शिकवायचे. आमच्या मुलांना माणसांची नावं कानांनी कळत नाहीत, म्हणून ती प्रत्येकाला एक खुणेचं नाव देतात, आणि ते देताना कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. माझं नाव म्हणजे तर्जनीनं हवेत मारलेली फुली. मुख्याध्यापिकांचं नाव म्हणजे जोडलेले हात. सरांचं नाव होतं उजव्या हाताची दोन सरळ बोटं, कानाच्या वरून पुढून मागे सरकवलेली. कारण सरांच्या उजव्या कानामागे कायम एक सुतारी पेन्सिल असे, लाल रंगाची, चपटी आणि चाकूनं तासलेली. मुलांमुळे आम्हीही त्यांना पेन्सिल सर म्हणायला लागलो. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

त्या पेन्सिलीला एक कायदा होता. ती सरांच्या हातात असेपर्यंत वर्गात चर्चा चालायची. फळी कुठून कापायची, सांधा कसा करायचा, यावर मुलं आणि सर हातवारे करून असे भांडायचे, की बाहेरून बघणाऱ्याला मारामारी चालू आहे असं वाटावं. मुलांनी सरांना चुकीचं ठरवलं तर सर खूश व्हायचे. मग एका क्षणी सर ती पेन्सिल कानामागे खोचत. तिथे बोलणं संपलं, करवत हातात. "पेन्सिल हातात हाय तवरक जेवढं बोलाचं तेवढं बोला," ते म्हणायचे, "कानामागं गेली का मंग फक्त काम." मला हा कायदा इतका आवडला होता, की मी तो खडूच्या बाबतीत लावून पाहिला. पण माझ्या वर्गात कोणी ऐकलं नाही.

सर मुलांशी खुणांनी बोलत आणि त्याच वेळी तोंडानंही. तोंडानं येणारी भाषा अस्सल भिवापूरची. आमची मुलं ओठ वाचतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सरांच्या ओठांवरून "काहून" आणि "मले-तुले" वाचलं आणि पुण्याहून आलेल्या तपासणीस बाई "का" म्हणाल्या तेव्हा सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. भिवापूरची दुसरी गोष्ट त्यांच्या डब्यात असायची, ती म्हणजे लाल मिरचीचा ठेचा. नवीन शिक्षक आला की सर त्याला तो प्रेमानं वाढत आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की समाधानानं सांगत, "अशी मिरची जगात दुसरी नाही." नागपूरची हद्द ओलांडून जगापर्यंत ते फक्त मिरचीसाठी जात.

एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, थोडं कमी बोलत जा हो. लोक हसतात मागे." ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, आमचे आजोबा भिवापुराहून पायी आले होते नागपूरले, दीक्षा घ्याले. त्याच्या आधी आमच्या घरात सगळे लय नम्र होते. पिढ्यानपिढ्या मान खाली घालून नम्र. त्या दिवसापासून बंद केलं आम्ही ते." आणि ठेच्याचा डबा माझ्याकडे सरकवला. माझ्या घरी विनयाचे धडे लहानपणी पाठ करून घेतले होते. तो गुण काहींना शिकवावा लागतो आणि काहींवर लादलेला असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानंतर मी त्यांच्या बढायांना हसत राहिले, पण थांबवलं मात्र कधी नाही.

सरांना एकच गोष्ट सलत होती. शाळा संपली की आमच्या मुलांचं काय होई, तर कुठेतरी पाकिटं चिकटवायला बसत. नाहीतर मेणबत्त्या, नाहीतर उदबत्त्यांचे पुडे. "यांचे हात चालतात ना छान," असं म्हणून लोक त्यांना हेच काम देत. पूर्वी निदान फर्निचरच्या कारखान्यात कोणी लागायचं. पुढे तिथेही लाकूड कापायला, कोरायला मशीनं आली. आकार आधी कॉम्प्युटरवर तयार करायचा आणि मशीन तो कापून देतं. म्हणजे आता गरज होती ती कॉम्प्युटरवर आकार घडवणाऱ्याची. सर म्हणायचे, "रिटायर व्हाच्या आधी एक तरी पोट्टं त्या कामाले लावीन. माझं लेकरू पाकिटं चिकटवाले नाही जाणार." हे ते ज्या मुलीकडे बघून म्हणायचे तिचं नाव सुजाता.

सुजाता खापरखेड्याच्या कॉलनीतून यायची. वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. ही मुलगी हातात ओली माती आली, पोळीची कणीक आली, अगदी ताटातला भात आला तरी त्याचं काहीतरी करून ठेवायची. पण कॉम्प्युटरवर आकार घडवायच्या ज्या प्रणाली असतात, त्यांच्यात शंभर बटणं आणि सगळी इंग्रजीत. तिथे सुजाताचे हात पांगळे व्हायचे. माऊस धरून ती एक वाटी करायला बसली की रडकुंडीला यायची. तिच्या घरून निरोप आला होता, की शाळा संपली की ओळखीच्या एका पाकिटांच्या कामावर तिला लावायचं ठरलं आहे.

यातून वाट निघाली ती बेसा भागात राहणाऱ्या सरांच्या भाच्याच्या घरून. भाचा अमोल सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे व्हिडिओ गेमसोबत येणारा एक जुना कॅमेरा धूळ खात पडला होता. समोर उभं राहून हात हलवले, की तो हातांची हालचाल ओळखतो आणि पडद्यावरचा खेळाडू तशी बॅट फिरवतो. सरांनी तो कॅमेरा उचलून विचारलं, "याले हात दिसते ना? मंग याच्यासमोर माती काहून नाही ठेवत?" अमोलला ते पटलं. त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून बसून एक गोष्ट तयार केली. पडद्यावर मातीसारखा एक करडा गोळा. समोर हवेत चिमूट धरून ओढली की गोळ्याचं टोक बाहेर येतं. तळहातानं दाबलं की खळगा पडतो. मूठ फिरवली की गोळा फिरतो. बटण नाही, माऊस नाही, इंग्रजी तर नाहीच. शाळेतला जुना कॉम्प्युटर, तो टाकाऊ कॅमेरा आणि सुतारकामाच्या खोलीतली एक भिंत, एवढ्यावर सगळं उभं राहिलं.

सुजाता पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिली तो दिवस मला आठवतो. तिनं हवेत चिमूट धरली आणि हळूच ओढली. पडद्यावरच्या गोळ्याला चोच फुटली. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत बोटांकडे. तास संपेपर्यंत पडद्यावर एक पोपट होता. सर दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत ओढत होते. त्या दिवशी शिपायापासून पाण्याच्या टाकीवाल्यापर्यंत प्रत्येकाला समजलं, की अशी पोट्टी नागपुरात दुसरी नाही.

पण दोन-चार दिवसांतच घोळ लक्षात आला. आमच्या मुलांचे हात काम करतात आणि तेच हात बोलतातही. सुजाता घडवता घडवता मैत्रिणीकडे वळून "बघ, किती छान" म्हणाली, की पडद्यावरच्या भांड्याला पोचा यायचा. "थांब जरा" म्हटलं की काठ तुटायचा. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत, की हा हात घडवतोय की गप्पा मारतोय. अमोलनं हे स्वतःच्या हातांवर तपासून बनवलं होतं, आणि अमोल बोलतो तोंडानं. त्यामुळे ही अडचण त्याच्या स्वप्नातही आली नव्हती.

कहर झाला तो तान्ह्या पोळ्याच्या आधी. दरवर्षी आमची मुलं सरांकडे लाकडी बैल करतात आणि सजवून गल्लीतून मिरवतात. या वेळी सुजातानं बैल पडद्यावर करायला घेतला. शिंगं, वळलेली मान, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सगळं इतकं बेतशीर, की मलासुद्धा राहवलं नाही आणि मी सगळ्यांना बघायला बोलावलं. वर्ग धावत आला, पडद्यासमोर उभा राहिला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता आमच्या मुलांच्या टाळ्या आवाजाच्या नसतात. दोन्ही हात वर करून बोटं झुलवायची, ही त्यांची टाळी. कॅमेऱ्याला एकदम वीस-पंचवीस झुलणारे हात दिसले. बैलाची शिंगं लांब होत वर गेली, पाय फाकले, पाठ फुटली आणि क्षणात बैलाचा चिवडा झाला. मुलं आणखी जोरात हात झुलवायला लागली, कारण त्यांना वाटलं ही पुढची गंमत आहे. सुजाता मात्र भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं चेहरा झाकून घेतला.

त्यातच मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीच्या बाई शाळा बघायला येणार असल्याचं पत्र आलं. खेळणी आणि सजावटीच्या वस्तूंचे नमुने कॉम्प्युटरवर तयार करणारी कंपनी. काम आवडलं तर मुलांना प्रशिक्षणाला घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. सुजाताची शाळा संपत आली होती, सरांची नोकरीही. हे हुकलं तर पुन्हा पाकिटं.

अमोलनं सोपा उपाय सुचवला. "मामा, त्या दिवसापुरतं पोरांना सांगा ना, काम चालू असताना हात बांधून बसायचं. कोणी बोलायचं नाही. सुजातानंही नाही. अर्धा तास तर आहे."

सरांना मी चिडलेलं क्वचितच पाहिलं होतं. त्या दिवशी ते इतके हळू बोलले, की मी हातातलं काम ठेवलं. "अमोल, मी नवीन लागलो ना नोकरीले, तवा इथे पोट्ट्याइले मांडीखाली हात दाबून बसवत. खुणा केल्या तं छडी. काहून, तं म्हणे तोंडानं बोलाले शिकतीन. हात मोकळे केले का रडत ते लेकरं, मुंग्या येऊन. मी ते बंद कराले भांडलो गा दहा लोकायशी. तुमच्या ऑफिसात काम करताना तोंडाले पट्टी लावते का कोनी? जे मशीन माझ्या लेकराइची बोलती बंद करते, ते मले नाही पाहिजे. ने वापस."

अमोल चांगला मुलगा. त्यानं कॅमेरा परत नेला नाही, खुर्ची ओढून बसला. "मग कॅमेऱ्याला सांगावं लागेल, की आता काम सुरू आणि आता बोलणं. त्याच्यासाठी एखादी खूण पाहिजे. अशी, की जी बोलण्यात येत नाही." आणि इथून आमच्या शाळेत एक विलक्षण शोध सुरू झाला, तो म्हणजे बिनअर्थाच्या खुणेचा. अमोलनं मूठ वर केली, मुलांनी सांगितलं हे तर "शूर". अंगठा आणि बोट जुळवलं तर "झकास". दोन्ही पंजे पुढे केले तर "नको". त्यानं कोपर वर करून बदकासारखं काहीतरी केलं, तर तो आमचा शिपाई निघाला. मुलं हसून लोळत होती. ज्यांचं सगळं जगणं हातांत आहे, त्यांच्या हातांत रिकामी जागा शोधणं सोपं नव्हतं.

शेवटी सुजाता उठली. ती पडद्यासमोर उभी राहिली, डोळे बारीक केले, ओठ सरांसारखे हलवले आणि दोन बोटं कानावरून मागे सरकवली. मुलं हसली आणि लगेच माना डोलावायला लागली. अमोलला कळेना. मी त्याला सांगितलं, "ती म्हणते आहे, सर काम सुरू करताना हेच करतात."

"पण ते तर मामांचं नाव आहे ना?" अमोल म्हणाला. तेवढी एक खूण त्याला ठाऊक होती. "पोरं कोणाला सरांबद्दल काही सांगायला लागली, की मशीन सुरू होईल."

मी हे सुजाताला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, एवढंही कळू नये. मग सावकाश उत्तर दिलं: "सरांच्या समोर सरांचं नाव कोण घेतं? या खोलीत सर असतातच. म्हणून ही खूण इथे रिकामीच असते."

मी ते मोठ्यानं सांगितलं. सर खिडकीपाशी उभे होते. आपलं घोडं पुढे दामटायची एकही संधी न सोडणारा हा माणूस, त्याला त्याच्या मुलांनी स्वतःहून मखरात बसवलं होतं. त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि परत कानामागे ठेवली. "मंग करा ना सुरू," ते म्हणाले, "बसले काहून?"

अमोलचे पुढचे काही दिवस कानांत गेले. आमच्या मुलांच्या कानांत श्रवणयंत्रं असतात आणि ती नीट करायला हात सारखा तिकडे जातो. म्हणून त्यानं खूण पक्की केली: दोन बोटं सरळ हवीत, कानाच्या वरून, पुढून मागे. तसं केलं की घडवणं सुरू. दोन्ही हात समोरच्या टेबलावर टेकवले की बंद, मग हवं तेवढं बोला. मुलांना एका दिवसात सवय झाली. आपल्याला पेन्सिल सर व्हायला मिळतं, यातच त्यांना अर्धा आनंद होता.

कंपनीच्या बाई आल्या त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी "आमची छोटीशी" एवढंच म्हटलं आणि सरांनी पाहुणीला आत नेलं. सुजाता तयार होती. तिनं दोन बोटं कानावरून फिरवली आणि बैल घडवायला लागली. मधेच हात टेकवून बाईंना सांगे, मी शब्दांत सांगे, ती पुन्हा कानाला हात लावून कामाला लागे. बैल पूर्ण होत आला. सुजातानं हात टेबलावर टेकवले, तशा रंगून गेलेल्या बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. वर पंखा होता, केस तोंडावर येत होते. बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी ते कानामागे सारले.

"म्हणजे असं चिमटीत धरून ओढलं की..." असं म्हणत त्यांनी हवेत चिमूट ओढली, आणि बैलाची पाठ वर उचलून आली. चांगला मुठीएवढा उंचवटा. बाई दचकून मागे सरल्या. अमोलनं कपाळाला हात लावला. मी सरांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरून गेला होता. त्या क्षणी मला पाकिटांचा ढीग दिसत होता.

सुजाता मात्र तो उंचवटा बघत होती. तिनं मान तिरकी केली. मग बोटं कानावरून फिरवून दोन्ही तळहातांनी तो उंचवटा थोपटला, पुढे थोडा कलता केला, मागून उतार दिला. ते वशिंड होतं. इतका वेळ बैलाला वशिंड नव्हतंच आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं हात टेकवले आणि बाईंना सांगितलं, "मी विसरले होते. तुम्ही बरं केलंत." मी ते शब्दांत सांगितलं, तेव्हा बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"बैताड पोट्टी," सर माझ्या कानाशी पुटपुटले, "वशिंडच विसरली होती." पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. बाईंनी सुजाताला आणि आणखी दोघांना प्रशिक्षणाला घेतलं. त्या दिवशी मुलांनी हात वर करून टाळ्या वाजवल्या, सगळ्या खोलीत हात झुलत होते, आणि पडद्यावरचा बैल तसाच शांत उभा होता.

सर रिटायर झाले आणि भिवापूरला गेले. सुजाता कंपनीत कायम झाली. सर नागपूरला आले की आधी तिच्या कंपनीत जात आणि तिथल्या पहारेकऱ्याला सांगत, की आत जी पोट्टी आहे तशी नागपुरात दुसरी नाही. सुजातानं माझ्याकडे तक्रार केली, की सरांना आवरा, मला लाज वाटते. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. तान्ह्या पोळ्याला मात्र ते न चुकता शाळेत यायचे, मिरच्यांची पिशवी घेऊन.

गेल्या वर्षी पोळा तोंडावर आलेला असताना सकाळी अमोलचा फोन आला. सर रात्री झोपेतच गेले होते. मुलांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुतारकामाच्या खोलीत तास चालू होता, पडद्यावर नुकताच उघडलेला कोरा गोळा होता. मी पडद्याच्या बाजूला उभी राहिले आणि दोन बोटं कानावरून मागे सरकवली. त्या खोलीत सरांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. मग पुढची खूण केली, सर गेले.

मुलांनी आधी फक्त नाव उलट विचारलं. पेन्सिल सर? सगळ्यांची बोटं कानांवरून गेली. मग सगळे एकदम बोलायला लागले. कधी, कसे, कोणी सांगितलं. एक म्हणाला, त्यांनी मला रंधा धरायला शिकवला. एक म्हणाली, या पोळ्याला येतो म्हणाले होते. कोणी भांडत होतं, कोणी सरांची नक्कल करत होतं आणि रडत होतं. कोणीही हात टेबलावर टेकवले नाहीत. बऱ्याच वेळानं माझं लक्ष पडद्याकडे गेलं. गोळा जागा झालेला होता. मुलांचं सगळं बोलणं त्याच्यावर उमटत होतं, खळगे, टोकं, ओढलेले धागे, दाबलेल्या जागा. तो कशासारखाच दिसत नव्हता. मी तो बंद करायला गेले, पण तसाच राहू दिला.

संध्याकाळी सुजाता आली. तिनं त्या गोळ्यात काही दुरुस्त केलं नाही. तो तसाच आपल्या कंपनीतल्या थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात आणून दिला, चांगला नारळाएवढा, करडा, खडबडीत.

तो आता माझ्या टेबलावर असतो. सरांच्या जागी आलेल्या सुतारकामाच्या नव्या सरांनी मध्यंतरी विचारलं होतं, की मुलं त्या जुन्या सरांचं नाव काढतात आणि मशीन उगाच सुरू होतं, तर ती खूण बदलून घ्यायची का. मुलांनी एकमुखानं नाही म्हटलं. आमच्याकडे एकमुखानं म्हणजे काय, ते त्यांना समोर दिसलंच.

परवा पाहुणे आले होते. त्यांनी तो गोळा उचलून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे काय आहे? एखाद्या लहान मुलानं केलंय का?" मुख्याध्यापिकांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आमची आपली छोटीशी शाळा..."

"छोटीशी कशाची?" मी म्हटलं. "हे आमच्या सरांबद्दल मुलं जे बोलली ते आहे. असा मास्तर नागपुरात दुसरा दाखवा मला." आणि पाहुण्यांचा दंड धरून मी त्यांना सुतारकामाच्या खोलीकडे घेऊन गेले.